घड्याळाचा सेल

पूर्वी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यावी लागे. आता किल्ली गेली, सेल आला. बोटाएवढा हा सेल. दुकानात त्याला पेन्सिल सेल म्हणतात.

दुकानदार विचारील, "साधा देऊ का अल्कलाईन?" अल्कलाईन म्हणजे महागातला. हातात घेऊन बघा, साध्यापेक्षा तो जड लागेल. पण घड्याळाला साधा पुरे. का, ते सांगतो. घड्याळाला वीज फार थोडी लागते. एका साध्या सेलवर ते सुमारे वर्षभर चालते. मुलांच्या खेळण्यातल्या मोटारीला एकदम पुष्कळ वीज लागते. तिथे जड सेलाचे पैसे वसूल होतात. चार्जिंगचा सेलही घड्याळाला नको. त्याचा जोर कमी. साध्या सेलचा जोर १.५ व्होल्ट, त्याचा १.२. शिवाय तो नुसता पडून राहिला तरी उतरत जातो.

पुष्कळ घरांत एक खोड असते. खेळण्यातला उतरलेला सेल काढायचा आणि घड्याळात घालायचा. घड्याळ चालते हो, नाही असे नाही! पण तो सेल आतून पोखरलेला असतो. साध्या सेलचे डबडे जस्ताचे. वीज तयार होताना ते जस्तच झिजत जाते. शेवटी त्याला भोक पडते, आतला रस बाहेर येतो आणि घड्याळाच्या पत्र्या खातो. चार पैसे वाचवायला जावे आणि घड्याळच गमवावे! तेव्हा नवाच सेल घाला. त्याच्यावरची तारीख उलटून गेली नाही ना, तेही बघा. बसवताना सपाट टोक स्प्रिंगकडे करा.

सेल संपत आला की काही घड्याळे मागे पडू लागतात. काटे फिरताना दिसतात, म्हणून आपण विश्वास ठेवतो आणि एस.टी. निघून जाते. म्हणून बंद पडायची वाट पाहू नका. दर दिवाळीला घर झाडताना सेल बदला.

गजराच्या काही छोट्या घड्याळांत गुंडीसारखा चपटा सेल असतो. तो मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने गिळला आणि अन्ननळीत अडकला, तर दोन तासांत आतून भाजते. ओकारी काढायला लावू नका. मूल हसत-खेळत असले तरी तडक दवाखान्यात न्या. घरात तसलाच दुसरा सेल असेल, तर डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.