टेनपेनी आणि मी

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! भुकूमच्या होस्टेलवर जेवणं झाली की आमच्या रूमवर 'सॅन अँड्रियास' (२००४) सुरू. त्यातला खरा खलनायक गुंड नाहीच, पोलीस अधिकारी टेनपेनी आहे. आईच्या अंत्यविधीला आलेल्या सीजेला हा वाटेतच अडवतो, पैसे काढून घेतो आणि स्वतः घडवलेल्या खुनात अडकवायची धमकी देतो. मला जाम राग येतो. पण मी तरी काय करतो? गाडी चोरतो, माणसं उडवतो, पोलिसांचे स्टार लागले की गॅरेजात शंभर डॉलरला रंग मारून घेतो. स्टार गायब!

परवा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) पाहिला. बापाने जमीन विकली, पोरगा गुन्हेगारीत शिरला. मुळशीचाच रूममेट शेवटपर्यंत गप्प होता. त्या रात्री गेम कोणी लावला नाही.