आराखडा केंटचा, इमारत कोणाची?

प्रश्न : लंडनची ‘हॉर्स गार्ड्स’ ही प्रसिद्ध इमारत विल्यम केंटची, असे वाचले. पण केंट वारला १७४८ साली आणि बांधकाम सुरू झाले १७५० मध्ये. मग ती उभी केली कोणी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. आराखडा केंटचाच, पण त्याच्यामागे तो प्रत्यक्षात आणला जॉन व्हार्डी आणि विल्यम रॉबिन्सन या दोघांनी. यातला व्हार्डी वास्तुकार होता, तसाच ताम्रपटावर चित्रे कोरणाराही होता. त्याच्या वाट्याला यावी तेवढी कीर्ती आलेली नाही, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

व्हार्डी डरहॅमच्या कष्टकरी घरातला. १७३६ साली तो राजाच्या बांधकाम खात्यात लागला. ग्रिनिचच्या क्वीन्स हाऊसपासून सुरुवात करून पुढे हॅम्प्टन कोर्ट, व्हाइटहॉल अशा राजवाड्यांच्या कामांवर त्याने देखरेख केली. केंट याच खात्यात वरच्या हुद्द्यावर होता. त्याच्या कल्पना जवळून पाहण्याची संधी व्हार्डीला तिथेच मिळाली.

तेव्हा छायाचित्रे नव्हती. एखादी रचना दूरवर पोहोचवायची, तर ती तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरायची, रेषांच्या खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागद दाबून छाप घ्यायचा. १७४४ साली व्हार्डीने आधीच्या शतकातला वास्तुकार इनिगो जोन्स आणि केंट यांच्या रचनांचा असाच एक ग्रंथ काढला. त्यात केंटने आखलेले यॉर्कच्या कॅथीड्रलमधले व्यासपीठ आहे, टेबले आहेत, सोन्याचा एक पेलाही आहे. त्या पेल्यावरून सोनार-चांदीकारांनी पुढे कित्येक वर्षे पेले घडवले. केंटची शैली कारागिरांच्या हाती पोहोचली, त्यात या ग्रंथाचा वाटा फार मोठा आहे.

या कोरणीचा उपयोग व्हार्डीला स्वतःलाही झाला. ग्रिनिचच्या राजवाड्यातील राजाच्या शयनगृहासाठी केलेली ताडवृक्षांची एक रचना त्याने ग्रंथात जोन्सच्या नावाने छापली होती. खरे तर ती जोन्सचा शिष्य जॉन वेब याची. १७५६ साली धनाढ्य जॉन स्पेन्सर यांच्यासाठी लंडनमध्ये स्पेन्सर हाऊस बांधायला घेतल्यावर त्याच कल्पनेतून व्हार्डीने ‘पाम रूम’ सजवली. तिचे सोनेरी खांब ताडाच्या खोडासारखे वर जातात आणि माथ्यावर पाने फुटतात.

मात्र १७५८ च्या सुमारास अंतर्गत सजावटीचे काम व्हार्डीकडून जेम्स स्ट्यूअर्टकडे गेले. स्ट्यूअर्ट अथेन्समधील प्राचीन वास्तूंची मोजमापे घेऊन आला होता आणि धनिकांना आता ग्रीक धाटणीची ओढ लागली होती. १७६५ साली व्हार्डी वारला. हॉर्स गार्ड्स केंटच्या नावावर राहिली आणि स्पेन्सर हाऊस म्हटले की अनेकांना आधी स्ट्यूअर्टची दालने आठवतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर देताना केंटबरोबर व्हार्डी आणि रॉबिन्सन यांचीही नावे घ्यावीत. कल्पनेचा मान केंटचा. पण कागदावरच्या रेषा वास्तूत उतरवताना रोज शेकडो निर्णय घ्यावे लागतात, आणि ते घेणारा माणूसही वास्तूचा कर्ताच असतो. लंडनला गेलात, तर हॉर्स गार्ड्स पाहून झाल्यावर सेंट जेम्स पार्क ओलांडून ग्रीन पार्ककडे जा. तिथे बागेकडे तोंड करून उभी असलेली स्पेन्सर हाऊसची दर्शनी बाजू व्हार्डीची स्वतःची आहे. त्याची योग्यता समजून घ्यायला ती पाहायलाच हवी.