पहिली आवृत्ती ओळखायची कशी?

प्रश्न : आजोबांच्या कपाटात 'कोसला'ची जुनी प्रत सापडली. शीर्षकपानामागचे पान फाटून गेले आहे. ही पहिली आवृत्ती आहे का, हे कसे ठरवायचे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी प्रकाशकाचे नाव पाहा. 'कोसला' 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढे ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. पॉप्युलरचे नाव असेल तर प्रश्न तिथेच मिटला. देशमुखांचे असेल तर मात्र बारकाईने पाहायला हवे.

फाटलेल्या पानाची हळहळ वाटणारच, पण ते शाबूत असते तरी एकट्या त्याच्यावर विसंबू नये. आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणालाही सर्रास 'आवृत्ती' म्हणतात, आणि फेरछपाईचे साल प्रत्येक वेळी छापलेले असतेच असे नाही. अलीकडच्या इंग्रजी पुस्तकांत आकड्यांची एक ओळ असते, तिच्यातला सर्वांत लहान आकडा कितवी छपाई ते सांगतो. जुन्या मराठी पुस्तकांत ती सोय नाही. म्हणून पुस्तकाच्या अंगावरच्या इतर खुणा मी अधिक मानतो.

किंमत पाहा. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि आणे गेले. 1964च्या मध्यापर्यंत 'नये पैसे' म्हणत, नंतर नुसते 'पैसे'. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती छपाई 15 ऑगस्ट 1972 नंतरची. सर्वांत बोलकी जागा म्हणजे शेवटची पाने. तिथे 'आमची प्रकाशने' या यादीत 1963 नंतरचे एखादे पुस्तक निघाले, तर निकाल लागला! उलट, एखाद्या ग्रंथालयाचा शिक्का आणि त्यात 1963ची दाखल तारीख असेल तर आनंद माना. शिक्क्याने प्रत डागाळली असे समजणाऱ्यांशी मी सहमत नाही. इथे तोच साक्षीदार आहे.

आजोबांच्या कपाटात याहून जुनी पुस्तके असतील तर शके लक्षात घ्या. टिळकांचे 'गीतारहस्य' 1915चे, म्हणजे शके 1837. शकात 78 मिळवायचे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79. लेखनही पाहा. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. 1930च्या सुमाराचे म्हणून दाखवलेल्या पुस्तकात 'नाहीं', 'घरें' कुठेच नसेल तर मजकूर पुन्हा जुळवल्याची दाट शंका घ्यावी.

पडताळ्यासाठी एक उत्तम साधन आहे, संग्राहक त्याच्याकडे फारसे वळत नाहीत याचे वाईट वाटते. 1867च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकांची नावे छापणे सक्तीचे केले आणि सरकारी तिमाही सूचीत पुस्तकांची नोंद होऊ लागली. आवृत्ती कितवी, प्रती किती, पाने किती, किंमत काय, हे सगळे त्या नोंदीत असे. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची'ही पाहावी. तिचे दोन भाग 1800 ते 1950 या काळातल्या पुस्तकांचे आहेत.

'कोसला' त्यानंतरची, तेव्हा तुम्ही एखाद्या जुन्या ग्रंथालयातली 1963ची प्रत मागवून शेजारी ठेवा. पृष्ठसंख्या, मुद्रकाचे नाव, ओळी कुठे तुटतात, हे ताडून पाहा. तोवर प्रत नव्या बांधणीला देऊ नका, आणि फाटक्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नका.