पडक्या भिंती वाचायच्या कशा

नंदाखालच्या माणसाला जुन्या वास्तू शोधायला लांब जावे लागत नाही. गावातल्या पवित्र आत्म्याच्या चर्चची परंपरा १५७३ सालची आणि वसईचा किल्लाही आपल्याच तालुक्यात. तरीही दर्शनी भाग, स्तंभशीर्ष असे शब्द आले की वाचणारा पान उलटतो. किल्ल्यात फिरता फिरता जे उमगले, ते असे :

१. आधी नांदते देऊळ पाहा, मग पडके. रविवारी मिस्साला उभे राहिलात की कळते, लोक बसतात तो लांब मध्यभाग कुठे संपतो आणि वेदीचा भाग कुठे सुरू होतो. तीच मांडणी मनात धरून किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये शिरा. रिकाम्या वाटणाऱ्या जागेचे भाग दिसू लागतात.

२. नाव पाठ करण्याआधी काम विचारा. कमानीचे दगड पाचरीसारखे तासलेले असतात. ते एकमेकांवर रेलतात आणि वरचे ओझे दोन्ही बाजूंना उतरवतात. बुरूज तटाच्या पुढे काढतात, तो तटाला भिडलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता यावा म्हणून. हे कळले की १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सेंट सेबास्टियन बुरुजाला सुरुंग का लावले, तेही समजते.

३. खांबाचा माथा पाहा. जेझुइट चर्चच्या दाराशी उभ्या खाचांचे खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी. हीच कोरिंथियन शैली, मूळची ग्रीकांची. पाने ओळखली की शैली ओळखता येते.

४. जे उरले नाही, त्याच्या खुणा शोधा. भिंतीत उंचावर एका ओळीत चौकोनी खोबणी दिसल्या, तर तिथे लाकडी तुळया होत्या असे समजा. त्यावरून मजला कुठे होता, छप्पर कुठवर होते, याचा अंदाज बांधता येतो. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये मात्र नजर खाली ठेवा. तिथल्या फरशीत पोर्तुगीज मजकुराच्या कबरशिळा आहेत.

५. दगड कुठला, हे विचारा. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकाच्या भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी भागाच्या घडीव कामासाठी काळा दगड वसईहून नेला होता. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही. आपल्या काळ्या पाषाणात टिकते. आपल्या भागाचे हे वैभव मुलांना सांगायलाच हवे.

६. शिकलेले शब्द वापरा. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. 'भिंत पडायला आली आहे' असे मोघम कळवू नका. कोणत्या चर्चची, कोणत्या बाजूची कमान, तडा मधल्या दगडाला की टेकणाच्या जागी, असे नेमके लिहा आणि सोबत फोटो जोडा. दुरुस्ती करणाऱ्याला नेमकी जागा कळली, तर पुढच्या पावसाळ्याआधी कमान वाचण्याची आशा असते.