होम थिएटरसाठी खोली कोणती?

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये १० बाय १० फुटांची बेडरूम रिकामी आहे. हॉल ११ बाय १६ फुटांचा आहे. होम थिएटर आणि स्टिरिओ कुठे बसवू?

उत्तर : हॉलमध्येच. स्वतंत्र बंद खोलीचा मोह मला समजतो, पण चौरस खोली आवाजाला मारक ठरते. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल, तर सुमारे ५६ हर्ट्झचा खर्ज तिथे घुमतो. चौरस खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हींमुळे तोच सूर फुगतो. छतही जवळपास तेवढ्याच उंचीवर असलं तर आणखी फुगतो. बास गिटारची ५५ हर्ट्झची तार मग अंगावर येते, बाकीचे खालचे सूर दबतात. महागडा अ‍ॅम्प्लिफायर हा त्यावरचा इलाज नव्हे. हॉलमध्ये हे घुमणं साधारण ३५ आणि ५१ हर्ट्झ असं विभागलं जातं.

स्पीकर ११ फुटी भिंतीकडे, पण तिच्यापासून दीड-दोन फूट पुढे ठेवा. सोफा मागच्या भिंतीला टेकवू नका. तिथे खर्ज सर्वांत जड होतो. खोलीच्या बरोबर मध्यावरही नको, तिथे तो विरतो. गालिचा आणि जाड पडदे हवेतच. सबवूफर मात्र शेजाऱ्यांच्या सामायिक भिंतीपासून लांब ठेवा.