कमी उंचीची मुले : रक्तातील प्रथिने काय सांगतात?

घाटकोपर ते मुलुंड या परिसरातून आमच्या बालरोग विभागात येणारे अनेक पालक एकच प्रश्न घेऊन येतात : ‘प्रार्थनेच्या रांगेत आमचे मूल नेहमी सर्वांत पुढे असते, इंजेक्शनने उंची वाढेल का?’ या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर येथे थोडक्यात मांडत आहोत.

वाढीचे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून, मुख्यतः रात्री गाढ झोपेत, टप्प्याटप्प्याने स्रवते. त्यामुळे दिवसा सहज घेतलेल्या एका नमुन्यावरून त्याचे प्रमाण समजत नाही. या संप्रेरकाच्या प्रभावाने यकृत आयजीएफ-१ हे प्रथिन तयार करते व आयजीएफबीपी-३ हे प्रथिन त्यास रक्तातून वाहून नेते. या दोहोंची पातळी दिवसभर बरीचशी स्थिर असते. म्हणून त्यांची तपासणी उपयुक्त ठरते.

तथापि कुपोषण, थायरॉइडची कमतरता व यकृताचे विकार यांतही आयजीएफ-१ घटते. ज्या बालकास सकस आहार हवा, त्यास महागडी इंजेक्शने देणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रथम सहा ते बारा महिन्यांतील उंचीची नोंद, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते, डाव्या मनगटाचा एक्स-रे आणि मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्र तपासणी यांचा आधार घ्यावा लागतो. संप्रेरकाची उत्तेजन चाचणी त्यानंतरची.

१९८५ पर्यंत हे संप्रेरक मृतांच्या ग्रंथींपासून मिळवीत. त्यातून काहींना मेंदूचा प्राणघातक विकार जडल्याचे आढळल्यावर जनुक तंत्रज्ञानाने बनविलेले संप्रेरक प्रचारात आले. तरीही समान मात्रेत सर्व मुले सारखी वाढत नाहीत. उपचारानंतर आयजीएफ-१ वाढले नाही, तर चुकलेली इंजेक्शने, शीतकपाटाबाहेर राहिलेले औषध किंवा शरीराचा क्षीण प्रतिसाद यांचा शोध घ्यावा लागतो. अति वाढल्यास मात्रा कमी करावी लागते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी अपोलिपोप्रोटीन व ट्रान्सथायरेटिन या, पोषणाशीही निगडित असलेल्या प्रथिनांचा उपचारातील वाढीशी संबंध तपासला आहे. परंतु कोणतेही एक प्रथिन निश्चित भाकीत करीत नाही. अंतिम साक्ष उंचीच्या पट्टीचीच.

हाडांच्या टोकांकडील वाढीच्या पट्ट्या पौगंडावस्थेअखेर मिटल्या की कोणतेही इंजेक्शन उंची वाढवू शकत नाही. चार वर्षांनंतर व वयात येण्यापूर्वी बालकाची उंची वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. ती चारपेक्षा कमी असल्यास पालकांनी विलंब न करता तपासणी करून घ्यावी आणि प्रत्येक वाढदिवशी उंचीची नोंद ठेवावी, ही नम्र विनंती.