धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण आणि डोळ्यांचे आरोग्य

डोळ्यांत कचरा गेला की पापण्या आपोआप मिटतात, अश्रू दाटून येतात आणि कचरा वाहून जातो. खुपणाऱ्या कणापासून डोळ्यांचे रक्षण करणारी ही निसर्गदत्त व्यवस्था आहे. परंतु जो कण इतका सूक्ष्म आहे की तो खुपतच नाही, त्याचे काय? विद्यार्थी मित्रांनो, प्रस्तुत लेखात आपण या प्रश्नाचा विचार करू.

मीटरचा एक अब्जांश भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सर्वसाधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या अनेक मलमांत टिटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड यांचे असे कण असतात. वेल्डिंग करताना तापून वाफ झालेला धातू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो. त्या धुरातही लोह, मँगनीज, जस्त यांच्या ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म कण असतात.

पदार्थ तोच असताना केवळ आकार लहान झाल्याने काय बिघडते? एक साधे गणित करून पाहू. १ सेंटीमीटर बाजू असलेल्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केल्यास त्यांचे एकूण पृष्ठफळ ६० लाख चौरस सेंटीमीटर, म्हणजे ६०० चौरस मीटर भरते. वस्तुमान तेवढेच राहते. मात्र रासायनिक क्रिया जेथे घडते तो पृष्ठभाग दहा लाख पटींनी वाढतो.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पारपटलाची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि त्यावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर असतो. पारपटलाच्या बाह्य थरातील पेशी झडून साधारण आठवडा-दहा दिवसांत नव्या येतात. दृष्टिपटलातील चेतापेशी मात्र एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच डोळ्याच्या बाबतीत सावधगिरीला विशेष महत्त्व आहे.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवरील अभ्यासांतून अपायाची रीत बरीच उलगडली आहे. झिंक ऑक्साइडचा कण पेशीतील आम्लधर्मी लयकारिकेत पोहोचला की विरघळतो आणि जस्ताचे आयन मुक्त होतात. जस्त शरीराला आवश्यकच आहे; पण पेशीत त्याचा अतिरेक झाला की तंतुकणिकांचे कार्य बिघडते, क्रियाशील ऑक्सिजन वाढतो व पेशी मरते. टिटॅनियम डायऑक्साइड सहजी विरघळत नाही. मात्र अतिनील किरण पडले की त्याच्या पृष्ठभागावर क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो.

तथापि सर्व ऑक्साइडे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. सेरियम ऑक्साइडचे नॅनोकण उलट क्रियाशील ऑक्सिजन शोषून घेऊ शकतात. तीव्र प्रकाशामुळे उंदरांच्या दृष्टिपटलाला होणारी इजा या कणांनी रोखता येते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले. शिवाय प्रयोगशाळेत पेशींना थेट दिलेली मात्रा आणि आपल्या डोळ्यांत प्रत्यक्ष जाणारी मात्रा यांत मोठे अंतर असते. पदार्थ कोणता, मात्रा किती आणि संपर्क किती काळ, हे तिन्ही पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरणार नाही.

वेल्डिंगचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. वेल्डिंगनंतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, तिचे मुख्य कारण धूर नसून अतिनील किरण आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधील अतिनील किरण या दोहोंनाही मानवात कर्करोग घडविणारे ठरविले. धुराचा संबंध फुप्फुसांशी, तर किरणांचा संबंध डोळ्याच्या कर्करोगाशी आहे. तेव्हा नव्या धोक्याचा विचार करताना सिद्ध झालेल्या धोक्याकडे दुर्लक्ष होता कामा नये.

आमच्या वसतिगृहातील कित्येक विद्यार्थ्यांचे पालक फॅब्रिकेशनच्या दुकानांत, बांधकामांवर आणि रंगकामावर राबतात. त्यांच्या डोळ्यांवरच त्यांच्या घराची रोजीरोटी अवलंबून आहे. सुटीत घरी जाल तेव्हा त्यांना चार गोष्टी अवश्य सांगा. वेल्डिंग करताना योग्य काचेचे मुखकवच वापरावे. साधा काळा चष्मा पुरत नाही. धूर तोंडावर येणार नाही अशा बाजूला व मोकळ्या हवेत उभे राहावे. कामाचे हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. भुकटी डोळ्यांत गेल्यास न चोळता स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत, आणि लाली किंवा अंधुकपणा राहिल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.